रिळावरची जकात

कावेरीच्या पुराला कंटाळून एडतोरे गाव नदीकाठ सोडून वर सरकलं, तेव्हा त्याला आखीव रस्ते मिळाले आणि नवं नावही मिळालं. म्हैसूरचे महाराज चौथे कृष्णराज वडियार यांच्या नावावरून ते कृष्णराजनगर झालं. म्हैसूर जिल्ह्यातलं भाताचं कोठार म्हणून हा तालुका आजही ओळखला जातो. तिथून कावेरीच्या धारेने खाली निघालं की कृष्णराजसागर धरणाचा फुगवटा लागतो आणि धरणाच्या पलीकडे मंड्या जिल्ह्यातला पांडवपुरा तालुका. म्हैसूर-मंड्याच्या याच मुलखातून आलेले एंगलगुप्पे सीतारामय्या वेंकटरामय्या 1979 साली सर्वोच्च न्यायालयाचे न्यायाधीश झाले आणि 1989 मध्ये सरन्यायाधीश. ज्या महाराजांचं नाव कृष्णराजनगरला लाभलं, त्यांच्याच कारकिर्दीत 1936 साली भद्रावतीला म्हैसूर पेपर मिल्स ही कागद गिरणी उभी राहिली. वृत्तपत्र ज्यावर छापलं जातं तो कागद आणि त्या कागदावर सरकारने किती कर घ्यावा याचा वेंकटरामय्यांनी लिहिलेला निवाडा, दोन्हींचे धागे जुन्या म्हैसूर संस्थानाच्या मुलखात येऊन मिळतात.

तो निवाडा आला 6 डिसेंबर 1984 रोजी. इंदिरा गांधींची हत्या होऊन सव्वा महिना झाला होता, निवडणूक तोंडावर होती आणि भोपाळच्या वायुकांडाला जेमतेम तीन दिवस झाले होते. पहिल्या पानावर तेव्हा जागा कुठली असायला? ज्या वृत्तपत्रांच्या जिवाशी हा निकाल निगडित होता, त्यांच्या वाचकांना तो फारसा लक्षात राहिला नाही. मराठी वाचकाने तर तो मुद्दाम समजून घ्यावा असं मला मनापासून वाटतं, कारण या निकालाकडे जाणारी वाट पुण्यातून जाते.

आधी कागदाविषयी. वृत्तपत्राचा कागद आणि वहीपुस्तकाचा कागद यांची जातच वेगळी. पहिल्यात लाकूड यंत्राने वाटून केलेला लगदा असतो. त्यातलं लिग्निन काढलेलं नसतं, म्हणून जुना अंक उन्हात पिवळा पडतो. प्रयोगशाळेत फ्लोरोग्लुसिनॉलचा आम्लयुक्त थेंब त्यावर टाकला की डाग लालभडक उमटतो. पुस्तकाचा चांगला कागद रासायनिक लगद्याचा, तो असा रंगत नाही. हिंदुस्थानातल्या गिरण्या बांबू आणि गवत शिजवून रासायनिक लगदा करत. सूचिपर्णी झाडांची जंगलं आणि मुबलक स्वस्त वीज लागणारा वृत्तपत्री कागद नॉर्वे, स्वीडन, कॅनडा अशा थंड देशांतून जहाजाने येई.

1925 साली इंग्रज सरकारने बांबू कागद उद्योगाला संरक्षण देणारा कायदा केला. परदेशी छपाईच्या आणि लिहिण्याच्या कागदावर पौंडामागे एक आणा शुल्क बसलं. त्यातून एक पळवाट मुद्दाम ठेवली होती. ज्या कागदात 65 टक्के किंवा अधिक यांत्रिक लगदा आहे, त्याला हे संरक्षक शुल्क लागू नव्हतं. देशात तो कागद बनतच नसेल तर संरक्षण कुणाचं करायचं, हा त्यामागचा साधा हिशेब. परिणाम मात्र दूरवर गेला. दैनिकाचा कागद मोकळा राहिला आणि पुस्तकाच्या कागदावर भार आला. 1932 साली हे संरक्षण वाढवताना परदेशी लगद्यावरही टनाला 45 रुपये शुल्क बसलं, गिरण्यांनी बांबूकडेच वळावं म्हणून. बंगालमधल्या गिरण्यांना आधार मिळाला, पुढे भद्रावतीची गिरणीही शिमोग्याच्या बांबूवर उभी राहिली. या धोरणाने देशी कागद उभा केला हे नाकारण्यात अर्थ नाही. पण तेव्हापासून एक गोष्ट पक्की झाली. कुठला कागद कुणाला किती भावात मिळेल हे बाजाराइतकंच शुल्काच्या तक्त्यातल्या एका ओळीवर ठरू लागलं.

याच्याआधी अटलांटिकच्या पलीकडे कागदावरून जो सौदा झाला होता, तो या सगळ्याची उत्तम पूर्वपीठिका आहे. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांताने 1900 साली आणि क्वेबेकने 1910 साली सरकारी जमिनीवरचं लगद्याचं लाकूड कच्चं बाहेर नेण्यास बंदी केली. लाकूड हवं असेल तर गिरणी आमच्याकडे उभारा, असा त्यांचा पवित्रा होता. अमेरिकेतल्या वृत्तपत्र मालकांना स्वस्त कागद हवा होता, तिथल्या गिरणी मालकांना शुल्काची भिंत हवी होती. 1911 च्या परस्पर व्यापार करारात अमेरिकेने अट घातली की लाकडावर बंदी नसेल तरच कागद शुल्काविना येईल. त्या करारावरून कॅनडात लॉरिए यांचं सरकार पडलं, करार बारगळला, आणि तरीही 1913 पर्यंत साध्या वृत्तपत्री कागदावरचं अमेरिकी शुल्क गेलंच. कॅनडात गिरण्यांची रांग लागली. हिंदुस्थानात येणारा कॅनडाचा कागद याच घडामोडीचं फळ. सौदा दोन सरकारांचा होता, पण त्यात सर्वांत जोरकस आवाज छापणाऱ्यांचा होता, कारण कागदाचा भाव म्हणजे त्यांच्या धंद्याचा श्वास.

स्वतंत्र भारतात गाठ वेगळी पडली. परकीय चलन तुटपुंजं, कागद आयातीचा, आणि त्याचं वाटप सरकारच्या हातात. मध्य प्रदेशात बुऱ्हाणपूरजवळ नेपानगरला देशातली पहिली वृत्तपत्री कागदाची गिरणी 1955 मध्ये सुरू झाली, तरी तिच्या उत्पादनाने भूक भागणं शक्य नव्हतं. न्यायमूर्ती ग. स. राजाध्यक्ष यांच्या अध्यक्षतेखालच्या पहिल्या प्रेस कमिशनने 1954 मध्ये अहवाल दिला. बड्या वृत्तपत्रांनी जाहिरातींच्या जोरावर कमी दरात जास्त पानं देऊन लहानांना गिळू नये, यासाठी किमतीशी पानांची सांगड घालावी, अशी त्यात शिफारस होती. हेतू चांगला होता. राजाध्यक्षांच्या मनात लहान भाषिक वृत्तपत्रांची कळकळ होती याबद्दल मला शंका नाही. त्या शिफारशीतून 1956 चा कायदा झाला आणि 1960 चा किंमत-पृष्ठ आदेश निघाला.

तो आदेश पहिल्यांदा बोचला कुणाला? पुण्यातल्या एका मराठी दैनिकाला. डॉ. ना. भि. परुळेकर यांनी 1 जानेवारी 1932 रोजी सुरू केलेला 'सकाळ' तोवर महाराष्ट्र आणि कर्नाटक मिळून रोज 52 हजार प्रती विकत होता, रविवारी 56 हजार. कर्नाटक हा शब्द इथे लक्षात घ्यायचा. बेळगाव-धारवाडकडच्या मराठी घरांत पुण्याहून जाणारा अंक या खपात होता. आठवड्याचे पाच दिवस सहा पानं, एक दिवस चार, म्हणजे सहा दिवसांत 34 पानं, किंमत 7 नवे पैसे. आदेशाच्या तक्त्याप्रमाणे 7 नव्या पैशांत 24 च पानं देता येणार होती. म्हणजे दहा पानं कापा, नाहीतर किंमत 8 नवे पैसे करा. एका नव्या पैशाचा फरक आज क्षुल्लक वाटेल. पण किंमत वाढली की खप उतरतो, खप उतरला की जाहिरात उतरते, आणि मग पानं आपसूक कमी होतात, हे विक्रेत्यापासून मालकापर्यंत सगळ्यांना ठाऊक होतं.

'सकाळ' सर्वोच्च न्यायालयात गेला. त्याच्यासोबत वाचकांच्याही स्वतंत्र याचिका होत्या. मला या खटल्यातली ही सर्वांत मोठी गोष्ट वाटते. दैनिकाचे वाचक दिल्लीला जाऊन म्हणत होते की आमची पानं कापली तर तो आमच्याही हक्काला धक्का आहे. सरकारचा युक्तिवाद होता की पानांची संख्या आणि किंमत ही धंद्याची बाब आहे, विचारस्वातंत्र्याची नाही. 25 सप्टेंबर 1961 रोजी न्यायमूर्ती जनार्दन रघुनाथ मुधोळकर यांनी निकालपत्र दिलं. मुधोळकर अमरावतीचे, 1912 साली राष्ट्रीय सभेचे अध्यक्ष झालेल्या रघुनाथ नरसिंह मुधोळकरांचे चिरंजीव. त्यांनी स्पष्ट केलं की विचार किती लोकांपर्यंत जातो आणि किती जागेत मांडता येतो, दोन्ही अभिव्यक्तीचाच भाग आहेत. धंद्यावर बंधन घालण्याच्या मिषाने त्यांना हात लावता येणार नाही. कायदा आणि आदेश दोन्ही रद्द झाले. एका मराठी न्यायाधीशाच्या शिफारशीतून निघालेला कायदा एका मराठी दैनिकाने आव्हान देऊन दुसऱ्या मराठी न्यायाधीशाच्या लेखणीने रद्द करवला, ही आपल्या वृत्तपत्रसृष्टीच्या इतिहासातली अभिमानाने सांगण्यासारखी घटना आहे.

पानांवरचं बंधन गेलं, कागदाचं वाटप सरकारकडेच राहिलं. 1972-73 च्या कागद धोरणात दहा पानांची कमाल मर्यादा आली. खप कमी करून पानं वाढवायचीही मोकळीक नव्हती. बेनेट कोलमन या वृत्तपत्र कंपनीच्या खटल्यात 30 ऑक्टोबर 1972 रोजी सर्वोच्च न्यायालयाने बहुमताने ते धोरण फेटाळलं. न्यायमूर्ती मॅथ्यू यांनी एकट्याने वेगळं मत दिलं. त्या मताकडे आज दुर्लक्ष होतं, पण वृत्तपत्रांची मालकी मोजक्या हातांत असेल तर स्वातंत्र्य नेमकं कुणाचं, हा त्यांचा प्रश्न तेव्हाही खरा होता आणि आजही आहे. फक्त तो प्रश्न कागद रोखून सुटत नाही. तीन वर्षांनी आणीबाणी आली आणि कागदाचा कोटा, सरकारी जाहिराती या दोन्ही दोऱ्या सत्तेने कशा ओढल्या ते देशाने पाहिलं.

आणीबाणी उठली. जुलै 1977 मध्ये जनता सरकारने अधिसूचना काढून वृत्तपत्री कागद आयात शुल्कातून पूर्ण मुक्त केला. इथे यंत्रणा नीट समजून घ्यावी लागते, कारण सगळी गोम तिच्यात आहे. आयातीचा दर संसदेच्या कायद्यात लिहिलेला असतो. वृत्तपत्री कागदासाठी तो होता किमतीच्या 40 टक्के. पण सीमाशुल्क कायद्याच्या कलम 25 नुसार केंद्र सरकार अधिसूचनेने त्यात हवी तेवढी सूट देऊ शकतं, आणि दुसऱ्या अधिसूचनेने ती काढूनही घेऊ शकतं. म्हणजे वृत्तपत्रं जे शून्य शुल्क भोगत होती, तो त्यांचा हक्क नव्हता. ती अर्थखात्याच्या सहीने मिळालेली सवलत होती. संसदेत चर्चा न होता एका रात्रीत ती जाऊ शकत होती.

1 मार्च 1981 रोजी ती गेली. इंदिरा गांधी सत्तेत परतून वर्ष झालं होतं, अर्थमंत्री होते रामस्वामी वेंकटरामन. 1977 ची पूर्ण माफी रद्द झाली आणि 10 टक्के सीमाशुल्क व 5 टक्के पूरक शुल्क, असे मिळून 15 टक्के बसले. पुढच्या वर्षी, 1 मार्च 1982 पासून, टक्केवारीऐवजी ठोक रक्कम आली. टनाला 550 रुपये सीमाशुल्क आणि 275 रुपये पूरक शुल्क, एकूण 825 रुपये. खपानुसार वृत्तपत्रांचे लहान, मध्यम आणि मोठी असे वर्ग केले गेले. लहानांना माफी, मध्यमांना कमी दर, पूर्ण भार मोठ्यांवर. म्हैसूरहून 1970 पासून निघणाऱ्या 'सुधर्मा'सारख्या संस्कृत दैनिकाच्या आकाराच्या पत्रांना असा आसरा हवाच होता, त्याबद्दल वाद नाही.

825 रुपये म्हणजे किती, हे छापखान्यात उभं राहून मोजायला हवं. वृत्तपत्री कागदाचं प्रमाणित वजन दर चौरस मीटरला 48.8 ग्रॅम. मोठ्या आकाराच्या आठ पानी अंकाला दोन पूर्ण ताव लागतात, म्हणजे साधारण 40 ग्रॅम. एका टनात त्या हिशेबाने 25 हजार प्रती. 825 रुपये 25 हजारांत वाटले तर प्रतीमागे सव्वातीन पैसे. रोज एक लाख प्रती छापणाऱ्या दैनिकाला चार टन कागद लागतो, म्हणजे दिवसाला 3,300 रुपये आणि वर्षाला बारा लाखांच्या आसपास निव्वळ शुल्क. शाईचा, मजुरीचा, रेल्वेच्या भाड्याचा खर्च वेगळा. कापताना वाया जाणारा कागद, रिळाच्या गाभ्याला उरणारा तुकडा, गठ्ठा भिजून फुकट जाणारा, यावरही शुल्क भरलेलंच असतं. आणि हा कागद वृत्तपत्राला थेट विकत घेता येत नव्हता. स्टेट ट्रेडिंग कॉर्पोरेशन तो आयात करे आणि ठरलेल्या भावाने देई. ज्याच्याकडून कागद घ्यायचा तेच सरकार, कर लावणारं तेच, आणि ज्याच्यावर टीका करायची तेही तेच.

इंडियन एक्स्प्रेस, बेनेट कोलमन आणि इतर कंपन्या न्यायालयात गेल्या. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं. मूळ कागदाचाच भाव चढलेला, त्यावर हे शुल्क. त्यामुळे किंमत वाढवावी लागते, पानं कमी करावी लागतात, वाचक तुटतो. परकीय चलनाची अडचणही तेव्हा पूर्वीसारखी नव्हती. मग हे शुल्क कशासाठी? सरकारचं उत्तर होतं की कर सगळ्यांनाच द्यावे लागतात, वृत्तपत्रांनाही. मोठी वृत्तपत्रं सधन आहेत, त्यांना एवढा भार जड नाही. आणि सवलत द्यायची की नाही हा सरकारचा अधिकार आहे, त्याचा जाब न्यायालयाने विचारू नये.

न्यायमूर्ती चिन्नप्पा रेड्डी, ए. पी. सेन आणि वेंकटरामय्या यांच्या पीठापुढे हे आलं. निकालपत्र लिहिलं वेंकटरामय्यांनी आणि ते वाचताना जाणवतं की लिहिणाऱ्याला विषयाची मनापासून ओढ आहे. ते इंग्लंडच्या इतिहासात जातात. 1712 पासून तिथे वृत्तपत्रांवर मुद्रांक कर होता, त्याच्या जोडीला जाहिरातींवर कर, कागदावर कर. गरिबांच्या हाती स्वस्त अंक जाऊ नये, हाच त्यामागचा डाव असल्याची जाणीव लोकांना होती. लोकांनी त्याला ज्ञानावरचा कर म्हटलं आणि दीर्घ चळवळीनंतर 1855 मध्ये मुद्रांक कर, 1861 मध्ये कागदावरचा कर उठला. मग ते अमेरिकेत येतात. लुइझियानात ह्यूई लाँग यांच्या राजवटीने 1934 मध्ये आठवड्याला 20 हजारांहून जास्त खपणाऱ्या वृत्तपत्रांच्या जाहिरात उत्पन्नावर 2 टक्के कर लावला. तेरा पत्रं त्या जाळ्यात सापडली, त्यांतली बारा लाँग यांच्या विरोधात. 1936 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो कर रद्द केला. खपाची रेषा ओढून कर लावला की तो कुणावर पडतो हे आकड्यातच लपलेलं असतं.

तरीही वेंकटरामय्या वृत्तपत्रं करमुक्त आहेत असं म्हणत नाहीत. इथे त्यांचा तोल मला फार मोलाचा वाटतो. वृत्तपत्र हाही उद्योग आहे, कर देणं त्याच्याही वाट्याला येतं, असं ते मान्य करतात. लहान-मध्यम-मोठं हे वर्गीकरणही त्यांनी ग्राह्य धरलं. पण कागदावरचा कर इतर करांसारखा नाही. तो ज्ञानावर पडतो, म्हणून तो लावताना सरकारने वृत्तपत्रांच्या खपावर आणि पानांवर काय परिणाम होईल हे तपासलंच पाहिजे, आणि भार असह्य असल्याचं दिसलं तर न्यायालय हात घालू शकतं. अधिसूचना हा सरकारच्या मर्जीचा कागद नाही. ती मनमानी असेल, राज्यघटनेला धरून नसेल, तर तिलाही आव्हान देता येतं. या वाक्यांचा उपयोग पुढच्या चाळीस वर्षांत कित्येक खटल्यांत झाला, त्यांतले बरेचसे वृत्तपत्रांशी संबंधितही नव्हते.

एवढं होऊनही वृत्तपत्रं पेचात सापडली होती. 1981 ची अधिसूचना रद्द केली तर 1977 ची माफी आपोआप परत जिवंत होत नव्हती. ती आधीच काढून घेतलेली होती. मग शिल्लक राहणार तो मूळ कायद्यातला दर. म्हणजे 40 टक्के, आणि मार्च 1982 पासून त्यावर टनाला आणखी हजार रुपये. याचिका जिंकली तर वृत्तपत्रं बुडणार होती! सवलतीच्या रूपाने दिलेल्या करमाफीची ही खरी ताकद आहे. ती मिळाली की घेणारा देणाऱ्याच्या कह्यात जातो, आणि न्यायालयातही त्याला सुटका मागताना आधी स्वतःचा गळा सांभाळावा लागतो. म्हणून न्यायालयाने अधिसूचना मोडीत काढली नाही. सरकारने 1 मार्च 1981 पासूनच्या शुल्काचा सहा महिन्यांत नव्याने विचार करावा, वृत्तपत्रांवर पडणारा भार तपासावा, असा आदेश दिला. तो विचार होईपर्यंत वसुली टनाला 825 ऐवजी 550 रुपयांनीच करायची. प्रतीमागे सव्वातीन पैशांचे दोन पैसे आणि थोडे झाले. मोठा विजय म्हणावा असं ते नव्हतं. पण कर किती आणि का, याचं उत्तर द्यायला सरकार पहिल्यांदा बांधलं गेलं.

याच काळात देशी कागद वाढत होता. भद्रावतीची गिरणी 1977 मध्ये कर्नाटक सरकारची कंपनी झाली होती आणि ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला तिथे वृत्तपत्री कागद बनू लागला. वर्षाला 75 हजार टनांची क्षमता होती. जवळपास त्याच सुमारास केरळात वेल्लूरची हिंदुस्तान न्यूजप्रिंट उभी राहिली आणि तमिळनाडूत करूरजवळ उसाच्या चिपाडापासून कागद करणारी गिरणी. भद्रावतीच्या गिरणीला निलगिरी-बाभळीच्या लागवडीसाठी हजारो हेक्टर वनजमीन भाडेपट्ट्याने मिळाली होती. चिपाडासाठी जवळ साखर कारखानाही उभारला गेला. देशी गिरणीचा कागद आणि परदेशी कागद यांच्या भावातली दरी शुल्कानेच राखली जात होती. शुल्क चढलं की गिरणी तगे, उतरलं की तिच्या गोदामात रिळं साचत. नव्वदीनंतर आयात खुली झाली, कोटा संपला, आणि वृत्तपत्रांना गुळगुळीत परदेशी कागद हव्या त्या भावात मिळू लागला. भद्रावतीची यंत्रं 2015 च्या सुमारास थांबली. तिथल्या कामगारांच्या घरांत शुल्काचा हा इतिहास वृत्तपत्र मालकांपेक्षा अगदी वेगळा सांगितला जाईल, आणि तोही तितकाच खरा असेल. कागदावर कर नको म्हणताना कागद बनवणारे हात विसरता येत नाहीत.

2018 साली हीच ओढाताण अमेरिकेत नव्याने झाली. वॉशिंग्टन राज्यातल्या नॉर्थ पॅसिफिक पेपर कंपनी या एका गिरणीच्या तक्रारीवरून कॅनडाच्या कागदावर शुल्क बसलं. कॅनडाशी व्यापाराचे इतर वादही तेव्हा रंगात होते. काही महिन्यांतच 'टँपा बे टाइम्स'ने सुमारे 50 लोकांना घरी पाठवलं. इतर पत्रांनी पानं कापली. शेवटी 29 ऑगस्ट 2018 रोजी अमेरिकेच्या आंतरराष्ट्रीय व्यापार आयोगाने एकमताने निर्णय दिला की देशी उद्योगाला त्या आयातीने इजा झालेली नाही, आणि शुल्क उठलं. गेलेल्या माणसांना मात्र कुणी परत बोलावलं नाही.

पुढच्याच वर्षी आपल्याकडे 5 जुलै 2019 च्या अर्थसंकल्पात वृत्तपत्री कागदावर 10 टक्के आयात शुल्क आलं. छापील पुस्तकांच्या आयातीवरही 5 टक्के बसलं, जे आधी नव्हतं. देशी गिरण्यांना समान संधी, हे कारण दिलं गेलं. वृत्तपत्र संघटनांनी विरोध केला. सात महिन्यांनी कागदावरचं शुल्क 5 टक्क्यांवर आलं. मग महासाथीत जहाजं अडकली, युक्रेनच्या युद्धाने रशियाचा कागद अडकला, आणि भारतीय भाषांतल्या दैनिकांनी पुन्हा पानांचा हिशेब करायला घेतला. ऐंशीच्या दशकातल्या शुल्कात लहान पत्राला माफी होती. 2019 च्या शुल्कात खपानुसार तसा भेद नव्हता, मोठ्याला आणि लहानाला एकच दर.

मराठी पुस्तकाची गोष्ट तर याहून अवघड आहे, कारण त्याच्या बाजूने उभा राहणारा बलाढ्य मालक नाही. वस्तू व सेवा कराच्या रचनेत छापील पुस्तकावर शून्य कर आहे. ऐकायला हे फार छान वाटतं. पण शून्य कर असलेल्या वस्तूवर आधी भरलेल्या कराचा परतावा मिळत नाही. कागदावर, शाईवर, बांधणीवर प्रकाशकाने जो कर भरला तो तसाच पुस्तकाच्या किमतीत मुरतो. 22 सप्टेंबर 2025 पासून छपाईच्या साध्या कागदावरचा दर 12 वरून 18 टक्के झाला. शाळेच्या वह्यांसाठी लागणारा कागद मात्र शून्यावर आला. आता ताव एकच, पण त्यावर रेघा मारायच्या की कादंबरी छापायची यावर कर ठरतो. मराठी कथासंग्रहाची आवृत्ती बहुधा हजार प्रतींची असते. तिच्या कागदावरचा वाढीव कर कुठल्या दुसऱ्या मालावर वाटून टाकायची सोय त्या प्रकाशकाकडे नसते. तो एकतर पानांची संख्या कमी करायला लेखकाला सांगतो, किंवा पुस्तक पुढच्या वर्षावर ढकलतो.

1961 मध्ये पानं कापली जाऊ नयेत म्हणून दैनिकाच्या वाचकांनी याचिका केली होती. पुस्तकाच्या वाचकाला तशी संधी मिळत नाही, कारण आलं नाही ते पुस्तक त्याला दिसतच नाही. वेंकटरामय्यांनी सरकारवर टाकलेली जबाबदारी, म्हणजे कर लावण्याआधी त्याचा भार वाचनावर किती पडतो हे तपासणं, ती वृत्तपत्री कागदाच्या संदर्भात होती. ती पुस्तकाच्या कागदालाही लागू व्हावी यासाठी प्रकाशक संघटनांनी आणि साहित्य संस्थांनी संमेलनाच्या ठरावापलीकडे जाऊन अर्थखात्याकडे आकडे घेऊन जायला हवं. हजार प्रतींच्या आवृत्तीला किती रीम कागद लागतो, त्यावर 12 टक्क्यांनी किती कर होता आणि 18 टक्क्यांनी किती झाला, हा तक्ता कुठल्याही लहान प्रकाशकाला एका बैठकीत करता येईल. 1961 मध्ये 'सकाळ'ने न्यायालयात ठेवला होता तोही असाच एक साधा तक्ता होता, 34 पानांचा आणि 24 पानांचा.